विश्लेषण : शौचावर ताबा मिळवून देणारा ‘पेसमेकर’ काय आहे? कारखान्यात काम करणाऱ्यांना तो चालतो का?

चाकण एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीसाठी कंपनीच्या बस निगडी, भोसरी, मोशीहून पहाटेच निघतात. पुणे-नाशिक महामार्गावर वाहतूक कोंडी झाली, की अर्ध्या तासाचा प्रवास दीड तासावर जातो. बसमध्ये स्वच्छतागृह नसते. कारखान्यात पोहोचल्यावर लाइन सुरू होते आणि बदली माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. बहुतेकांना याचे काही वाटत नाही. पण ज्याला शौचाची घाई लागल्यावर दोन मिनिटेही थांबता येत नाही, त्याचे सगळे वेळापत्रकच या एका गोष्टीभोवती फिरते. तो आदल्या रात्री जेवत नाही, सकाळी चहा घेत नाही, बॅगेत कपड्यांचा जादा जोड ठेवतो आणि कारण मात्र कोणालाच सांगत नाही.

या त्रासावर उपचार आहेत. साध्या उपायांनी भागले नाही, तर कमरेखालच्या नसेला सौम्य विद्युतस्पंद देणारे छोटे यंत्र शरीरात बसवण्याचा पर्यायही आहे. ते यंत्र काय करते, कोणाला लागू पडते, त्याचे धोके कोणते आणि वेल्डिंग, प्रेस, क्रेन यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांनी आधी काय विचारावे, याविषयी...

नेमका त्रास कोणता?

शौच किंवा वायू इच्छेविरुद्ध सुटणे, घाई लागल्यावर स्वच्छतागृहापर्यंत पोहोचता न येणे किंवा नकळत कपड्यांना डाग लागणे, या सगळ्यांना वैद्यकीय भाषेत ‘फिकल इनकॉन्टिनन्स’ म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, हेही त्याबद्दल न बोलण्याचे एक कारण असावे. रुग्ण डॉक्टरांना ‘पोट बिघडते’, ‘मूळव्याध असेल’ असे काहीतरी सांगतो आणि मूळ तक्रार तशीच राहते.

हा त्रास दुर्मीळ नाही. अमेरिकेत २००५-०६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत घरी राहणाऱ्या प्रौढांपैकी ८.३ टक्के लोकांनी तो असल्याचे सांगितले होते. म्हणजे साधारण दर बारा जणांत एक. वयाबरोबर प्रमाण वाढते, पण तो केवळ म्हातारपणाचा आजार नाही. तो पुरुषांनाही होतो आणि तरुण स्त्रियांनाही.

ताबा का सुटतो?

शौच रोखून धरण्याचे काम तीन गोष्टी मिळून करतात. पहिली, गुदद्वाराभोवतीचे दोन वर्तुळाकार स्नायू. आतला स्नायू आपोआप आवळलेला असतो, बाहेरचा आपण ठरवून आवळतो. दुसरी, ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखा पसरलेला स्नायूंचा थर. याला ‘पेल्व्हिक फ्लोअर’ म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांना तो खालून आधार देतो. तिसरी गोष्ट म्हणजे नसा. मलाशय भरले आहे, आत वायू आहे की मल आहे, हा निरोप मेंदूपर्यंत नेणे आणि ‘आता थांब’ हा हुकूम स्नायूंपर्यंत आणणे हे त्यांचे काम. या नसा कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडातून, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या ‘सॅक्रम’मधून, बाहेर पडतात.

यातील एकही दुवा निखळला तरी ताबा सुटू शकतो. अवघड बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावावा लागला किंवा जागा खोलवर फाटली, तर स्नायूंना इजा होते. त्या वेळी शिवलेली जखम भरून येते आणि त्रास कधी कधी कित्येक वर्षांनी, पाळी जाण्याच्या सुमारास डोके वर काढतो. मूळव्याध किंवा भगंदराच्या शस्त्रक्रियेत स्नायूचा भाग कापला गेला असेल, तर हे होऊ शकते. अनेक वर्षांच्या मधुमेहाने नसा कमजोर होतात. कण्याची दुखापत, मलाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि त्या भागाला दिलेली किरणोपचाराची मात्रा ही आणखी काही कारणे.

एक कारण उलटे वाटेल असे आहे. जुनाट बद्धकोष्ठतेत कडक मलाचा गोळा अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपत राहतो. रुग्णाला वाटते जुलाब लागले. तो जुलाब थांबवणारी गोळी घेतो आणि त्रास वाढतो. त्यामुळे स्वतःच्या मनाने औषध सुरू करण्याआधी तपासणी आवश्यक ठरते.

थेट यंत्रच बसवतात का?

नाही. आधी स्वस्त आणि सोपे उपाय करायचे, हाच जगभरचा क्रम आहे आणि बऱ्याच रुग्णांचे काम त्यातच होते.

पहिली पायरी मलाचा घट्टपणा सुधारण्याची. पातळ मल रोखणे अवघड, बांधलेला मल रोखणे सोपे. इसबगोलसारखा तंतुमय पदार्थ पाणी शोषून मल बांधतो. चहा-कॉफी, खूप तेलकट-तिखट, काहींना दूध, यांनी घाई वाढते का, हे दोन आठवडे वहीत लिहून पाहिले तर समजते. जुलाबाची प्रवृत्ती असेल, तर डॉक्टर लोपेरामाइड ठरावीक मात्रेत देतात. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते. त्या वेळी शांतपणे शौचाला बसण्याची सवय लावली, तर दिवसातला अनिश्चितपणा कमी होतो. पाळीत काम करणाऱ्यांची अडचण इथेच येते. आठवड्याला पाळी बदलली, की जेवणाची, झोपेची आणि शौचाची वेळही बदलते.

दुसरी पायरी व्यायामाची. गुदद्वाराचे स्नायू आवळून धरणे आणि सोडणे हा केगेल व्यायाम अनेकांना माहीत असतो. पण पुष्कळ जण चुकीचे स्नायू आवळतात, पोट किंवा नितंब ताठ करतात. तिथे ‘बायोफीडबॅक’ उपयोगी पडते. गुदद्वारात छोटा सेन्सर ठेवून स्नायू किती आवळला हे पडद्यावर दाखवले जाते. रुग्ण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून योग्य स्नायू वापरायला शिकतो.

तिसरी पायरी तपासण्यांची. स्नायूंचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आणि स्नायू कोठे फाटला आहे हे दाखवणारी आतून केलेली सोनोग्राफी या त्यातल्या मुख्य. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर आधी कोलोनोस्कोपी करून कर्करोग नाही ना हे पाहावे लागते. एवढे सगळे करूनही आठवड्यातून अनेकदा ताबा सुटत असेल, तेव्हा यंत्राचा विचार होतो.

यंत्र कसे काम करते?

या उपचाराला ‘सॅक्रल न्यूरोमॉड्युलेशन’ किंवा ‘सॅक्रल नर्व्ह स्टिम्युलेशन’ म्हणतात. सॅक्रम या हाडाला दोन्ही बाजूंनी छिद्रांच्या जोड्या असतात. त्यांतील तिसऱ्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या नसेजवळ एक बारीक तार बसवली जाते. तारेच्या टोकाला चार विद्युतअग्रे असतात आणि ती सरकू नये म्हणून तिला बारीक काटे असतात. तारेचे दुसरे टोक नितंबाच्या वरच्या भागात, त्वचेखालच्या चरबीत ठेवलेल्या छोट्या बॅटरीयुक्त यंत्राला जोडलेले असते. हृदयाच्या पेसमेकरशी हे साम्य असल्याने त्याला बोलीभाषेत ‘आतड्याचा पेसमेकर’ म्हणतात. काही नवी यंत्रे तीन घनसेंटिमीटरपेक्षाही लहान आहेत.

यंत्र ठरावीक गतीने, साधारण सेकंदाला १४ वेळा, सौम्य स्पंद देते. रुग्णाला गुदद्वाराजवळ हलकी धडधड किंवा मुंग्या जाणवतात, पुढे त्याची सवय होते. हातातल्या रिमोटने जोर कमी-जास्त करता येतो, यंत्र बंदही करता येते.

सुरुवातीला समजूत अशी होती, की वीज दिल्याने कमजोर स्नायू आवळला जातो. आता संशोधकांचा कल वेगळ्या स्पष्टीकरणाकडे आहे. हे स्पंद मुख्यतः मलाशयाकडून मेंदूकडे जाणाऱ्या निरोपांवर परिणाम करतात आणि आतडे, मलाशय व मेंदू यांच्यातला बिघडलेला संवाद सुधारतो. त्यामुळेच स्नायू थोडा फाटलेला असला, तरी काही रुग्णांना गुण येतो. मात्र हे नेमके कसे घडते, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही.

ही कल्पना कोठून आली?

सुरुवात लघवीच्या त्रासापासून झाली. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एमिल तनाघो आणि रिचर्ड श्मिट या मूत्रविकारतज्ज्ञांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सॅक्रल नसांना उत्तेजन देऊन मूत्राशय ताब्यात आणण्याचे प्रयोग केले. काही रुग्णांचे शौचही सुधारल्याचे लक्षात आले. जर्मनीतील एर्लांगेन येथील शल्यविशारद क्लाउस मात्झेल आणि सहकाऱ्यांनी हा उपचार शौचावरील ताब्यासाठी वापरला आणि १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९९७ मध्ये लघवीच्या घाईसह होणाऱ्या गळतीसाठी आणि २०११ मध्ये शौचावरील ताबा सुटण्यासाठी या यंत्राला मान्यता दिली. बरीच वर्षे या क्षेत्रात मेडट्रॉनिक या एकाच कंपनीचे वर्चस्व होते. २०१९ मध्ये अॅक्सॉनिक्स कंपनीच्या पुन्हा चार्ज करता येणाऱ्या यंत्राला मान्यता मिळाली आणि स्पर्धा सुरू झाली.

आधी चाचणी, मग यंत्र, हे कसे?

या उपचाराची सर्वांत जमेची बाजू हीच. कायमचे यंत्र बसवण्याआधी ते त्या रुग्णाला लागू पडते का, हे पाहता येते.

रुग्णाला पालथे झोपवून, एक्स-रे यंत्रावर पाहत, सॅक्रमच्या छिद्रातून सुई आत नेतात. नस सापडली हे ओळखण्याची खूण सोपी आहे. वीज दिल्यावर गुदद्वाराभोवतीचा भाग आत ओढला जातो आणि पायाचा अंगठा वाकतो. मग तार तिथे ठेवून ती शरीराबाहेरच्या छोट्या यंत्राला जोडतात. तात्पुरती तार वापरली तर चाचणी साधारण आठवडाभर, कायमची तार वापरली तर दोन आठवडे किंवा थोडी जास्त चालते.

या काळात रुग्णाने रोज नोंद ठेवायची असते : किती वेळा ताबा सुटला, घाई लागल्यावर किती वेळ थांबता आले, कपड्यांना डाग किती वेळा लागला. चाचणीआधीच्या वहीशी तुलना करून त्रास निम्म्याने तरी कमी झाला असेल, तरच कायमचे यंत्र बसवतात. नाही झाला, तर तार काढून टाकतात. म्हणून ही वही प्रामाणिकपणे लिहिणे हे रुग्णाच्याच हिताचे असते. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून कमी आकडे लिहिले, तर उपयोग नसलेले महागडे यंत्र अंगात बसते.

गुण किती जणांना येतो?

अमेरिकेतील मान्यतेचा आधार ठरलेल्या अभ्यासात १३३ रुग्णांची चाचणी झाली आणि १२० जणांना कायमचे यंत्र बसवले गेले. वर्षभरानंतर त्यांपैकी ८३ टक्के रुग्णांचा त्रास निम्मा किंवा त्याहून कमी झाला होता. ४१ टक्के रुग्णांचा ताबा पूर्णपणे परत आला होता. आठवड्यातून सरासरी ९.४ वेळा होणारा प्रकार १.९ वेळांवर आला होता.

पाच वर्षांनंतर ज्यांची माहिती मिळाली, त्यांच्यात ही सुधारणा बरीचशी टिकून होती. ८९ टक्के रुग्णांचा त्रास किमान निम्मा झालेला होता आणि ३६ टक्के रुग्णांना पूर्ण ताबा होता. पण हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, चाचणीत अपयशी ठरलेले रुग्ण यात नाहीत. दुसरी, पाच वर्षांपर्यंत सगळे रुग्ण अभ्यासात टिकले नव्हते आणि जे सोडून गेले त्यांचे काय झाले, हे या आकड्यांतून दिसत नाही. साध्या शब्दांत, योग्य निवड झालेल्या रुग्णांपैकी बहुतेकांचे आयुष्य सुसह्य होते. पण ‘पूर्ण बरे’ होणारे निम्म्याहून कमी असतात.

धोके कोणते?

शस्त्रक्रिया छोटी असली तरी शरीरात परकी वस्तू बसते. जंतुसंसर्ग झाला तर यंत्र काढावे लागू शकते. वर उल्लेख केलेल्या अभ्यासात सुमारे दहा टक्के रुग्णांना संसर्ग झाला. त्यातले काही औषधांनी बरे झाले, काहींचे यंत्र काढावे लागले. तार सरकणे, यंत्राच्या जागी दुखणे, पायात किंवा नितंबात नकोसे झटके जाणवणे, काही काळाने गुण कमी होणे या इतर तक्रारी. पाच वर्षांत सुमारे ३५ टक्के रुग्णांवर दुरुस्ती, बदल किंवा यंत्र काढण्याची आणखी एखादी शस्त्रक्रिया करावी लागली होती.

बॅटरीलाही आयुष्य असते. चार्ज न होणारी जुनी यंत्रे काही वर्षांनी बदलावी लागत. चार्ज होणारी नवी यंत्रे सुमारे १५ वर्षे चालावीत अशी रचना असते, पण ती वेळेवर चार्ज करण्याची शिस्त लागते. एमआरआयबद्दलही विचारून घ्यावे. जुन्या यंत्रांवर मोठी बंधने होती, नवी यंत्रे ठरावीक अटींवर पूर्ण शरीराच्या एमआरआयला चालतात. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणूनच शस्त्रक्रियेला जाणे शहाणपणाचे.

बद्धकोष्ठता आणि लघवीच्या त्रासालाही चालते का?

लघवीची वारंवार, अनावर घाई आणि अडथळा नसतानाही लघवी न उतरणे यासाठी हा उपचार मान्यताप्राप्त आहे. लघवी आणि शौच या दोन्हींचा त्रास एकत्र असलेल्या रुग्णांना त्याचा दुहेरी फायदा होऊ शकतो.

बद्धकोष्ठतेचे चित्र वेगळे आहे. सुरुवातीच्या अभ्यासांनी आशा दाखवली, पण तुलनात्मक चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. एफडीएने बद्धकोष्ठतेसाठी मान्यता दिलेली नाही. कुंथताना स्नायू सैल होण्याऐवजी आवळला जाणे, हे पुष्कळांच्या बद्धकोष्ठतेचे कारण असते आणि त्यावर बायोफीडबॅक हा अधिक भरवशाचा उपाय आहे. बद्धकोष्ठतेसाठी कोणी थेट यंत्र सुचवले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे.

घोट्याजवळच्या टिबियल नसेला सुईतून वीज देण्याचा कमी त्रासाचा पर्यायही आहे. लघवीच्या घाईसाठी तो उपयोगी ठरला आहे. शौचाच्या बाबतीत मात्र ब्रिटनमध्ये २२७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत खरा उपचार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के, तर लटका उपचार घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के रुग्णांचा त्रास निम्मा झाला. हा फरक निर्णायक ठरण्याइतका मोठा नव्हता.

वेल्डिंग शॉपमध्ये काम करता येते का?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील रुग्णांसाठी हा प्रश्न कळीचा आहे. वाहने आणि सुट्या भागांच्या कारखान्यांत आर्क वेल्डिंग, स्पॉट वेल्डिंग, इंडक्शन हीटिंग, विद्युतचुंबकाच्या क्रेन, उच्च दाबाच्या विद्युतवाहिन्या या रोजच्या गोष्टी आहेत. मज्जातंतूंना उत्तेजन देणाऱ्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत अशा तीव्र विद्युतचुंबकीय क्षेत्रांपासून दूर राहण्याची सूचना असते. त्यामुळे यंत्र अचानक बंद किंवा सुरू होऊ शकते किंवा स्पंदांचा जोर बदलून झटका जाणवू शकतो. फोर्कलिफ्ट किंवा पॉवर प्रेस चालवताना असा झटका अपघाताला कारण ठरू शकतो.

म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधीच आपले काम डॉक्टरांना नेमके सांगावे. ‘कंपनीत आहे’ एवढे पुरेसे नाही. कोणते मशीन, त्यापासून किती अंतरावर उभे राहावे लागते, दिवसात किती तास, हे लिहून द्यावे. जो यंत्र बसवणार आहे त्या डॉक्टरांमार्फत उत्पादक कंपनीकडून त्या कामाबाबत लेखी उत्तर मागावे. गरज पडली तर तपासणी, जुळणी किंवा स्टोअर अशा विभागात बदली मिळेल का, हे कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी आधी बोलून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वाकणे, वजन उचलणे आणि कमरेला ताण देणे टाळावे लागते, त्यामुळे रजेचे नियोजनही आधीच करावे लागते.

आणखी दोन छोट्या गोष्टी. गेटवरील धातुशोधक कमानीतून थांबून न राहता सरळ चालत जावे आणि यंत्राचे ओळखपत्र खिशात ठेवावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कंबर किंवा गुडघा दुखला की फिजिओथेरपी केंद्रात ‘मशीनचा शेक’ घेतला जातो. त्यातला शॉर्टवेव्ह डायथर्मी हा प्रकार यंत्र बसवलेल्या व्यक्तीला पूर्ण वर्ज्य आहे. त्यामुळे तारेच्या टोकाशी उष्णता निर्माण होऊन नसेला इजा होऊ शकते.

खर्च कोण करणार?

यंत्राची किंमत आणि शस्त्रक्रिया मिळून खर्च काही लाखांच्या घरात जातो. कंत्राटी कामगाराला तो परवडणारा नाही. त्यामुळे चाचणीची तारीख ठरवण्याआधी विमा यंत्रणेकडून लेखी होकार घेणे गरजेचे आहे.

कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये दरमहा २१ हजार रुपये करण्यात आली. २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जमा होते. कंत्राटी कामगारही तिच्या कक्षेत येतात आणि कुटुंबीयांनाही उपचार मिळतात. चिंचवडमधील मोहननगर येथे या योजनेचे रुग्णालय आहे. तिथे नसलेल्या विशेष उपचारांसाठी इतर रुग्णालयांकडे पाठवण्याची पद्धत आहे. आजारपणाच्या रजेत, अटी पूर्ण असतील तर, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते यादीतल्या ठरावीक उपचारांनाच लागू होते. यादीत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधी विचारून घ्यावे. कंपनीच्या सामूहिक मेडिक्लेममध्येही यंत्राच्या किमतीवर वेगळी मर्यादा असू शकते.

एक हिशेब अनेकदा राहून जातो. चार्ज न होणारे यंत्र काही वर्षांनी बदलायचे असेल, तर तो खर्च तेव्हा कोण देणार? नोकरी बदलली किंवा कंत्राट संपले, की विमाही संपतो. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारलेला बरा.

कारखान्याची जबाबदारी काय?

प्रत्येक रुग्णाला यंत्र लागत नाही. पण जवळ आणि स्वच्छ स्वच्छतागृह प्रत्येकाला लागते. १९४८च्या कारखाने अधिनियमातील कलम १९ ने पुरेशी स्वच्छतागृहे सोयीच्या जागी आणि कामाच्या संपूर्ण वेळेत कामगारांना वापरता येतील अशी असावीत, अशी अट घातली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी कर्मचाऱ्यांसाठी ही सोय करणे मालकाचे कर्तव्य आहे.

म्हणजे लाइनवरून उठण्याची परवानगी ही सुपरवायझरची मेहेरबानी नाही. त्रास असलेल्या कामगाराला आजाराचे नाव सगळ्यांसमोर सांगण्याचीही गरज नसते. ‘वैद्यकीय कारणाने तातडीने स्वच्छतागृहात जावे लागू शकते’ एवढे डॉक्टरांचे पत्र कारखान्याच्या दवाखान्यात देता येते. लाइनवर एक जादा रिलीव्हर ठेवण्याचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे फार मोठा नाही.

सुरुवात कोठून करावी?

पिंपरीतील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असो वा जवळचे कोणतेही सर्वसाधारण रुग्णालय, सर्जरीच्या बाह्यरुग्ण विभागातून सुरुवात करता येते. स्त्रियांना स्त्रीरोग विभागातूनही. तिथून कोलोरेक्टल सर्जन, मूत्रविकारतज्ज्ञ किंवा पेल्व्हिक फ्लोअरचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवले जाते. जाताना दोन आठवड्यांची नोंद, आधीच्या शस्त्रक्रियांची व बाळंतपणाची कागदपत्रे आणि चालू औषधांची यादी न्यावी.

आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘पोट बिघडते’ असे न सांगता सरळ सांगावे : ‘शौच थांबवता येत नाही, कपडे खराब होतात.’ डॉक्टरांसाठी हे वाक्य नवे नसते. रुग्णासाठी मात्र ते बहुतेक वेळा पहिल्यांदाच उच्चारलेले असते. इसबगोलपासून यंत्रापर्यंतचा कोणताही उपाय त्या वाक्यानंतरच सुरू होऊ शकतो.